शिमग्यानंतर बघू

फाल्गुन लागला की ठाण्याजवळच्या आमच्या दिव्यात आधी ढोल येतो आणि मग पाणी. म्हणजे पाणी येईलच असं नाही, ढोल मात्र नक्की. संध्याकाळी उन्हं उतरली की इमारतीमागच्या मोकळ्या जागेत कोकणातली पोरं जमतात. कुणाचं गाव गुहागरकडचं, कुणाचं संगमेश्वरकडचं. नोकरीवरून येऊन, तोंडावर पाणी मारून, घामेजल्या शर्टातच शिमग्याच्या नमन-खेळ्यांचा सराव सुरू होतो. पूर्वी पहिली थाप पडली की माझा पाय आपोआप ताल धरायचा. आता मी उठून खिडकी लावून घेतो. "अहो, एवढं उकडतंय, खिडकी कशाला लावता?" असं आमची ही दरवर्षी विचारते. कशाला लावतो ते तिला चांगलं ठाऊक आहे, पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

मी एसटीत होतो. शेवटची पंधरा वर्षं खोपटच्या डेपोत वाहतूक नियंत्रक. म्हणजे खिडकीत बसून गाड्या लावायच्या, सोडायच्या आणि कर्ण्यावरून पुकारायच्या. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" हे वाक्य मी आयुष्यात जेवढ्या वेळा म्हटलं तेवढ्या वेळा रामाचं नावही घेतलं नसेल. शिमग्याच्या आठवड्यात तर विचारू नका. फलाटावर पाय ठेवायला जागा नसायची. गोणपाटात बांधलेले ढोल, नव्या साड्यांच्या पिशव्या, उन्हानं लालबुंद झालेली पोरं, आणि सगळ्यांची एकच मागणी, साहेब, दोन मिनिटं थांबवा, आमचा माणूस येतोय. मी थांबवायचो नाही. एकदा एक नवी नवरी गाडीत बसली आणि नवरा लिंबू सरबत प्यायला उतरला, तरी मी घंटी दिली. नवरा पेला हातात घेऊन नितीन कंपनीच्या पुलापर्यंत धावला म्हणतात. गाडी कुणासाठी थांबत नाही, हे माझं पेटंट वाक्य होतं. घरातही मी ते इतक्यांदा ऐकवलं होतं की माझा मुलगा नीलेश लहानपणी माझी नक्कल करायचा.

असा मी वेळेचा माणूस. आणि आयुष्यात एकच गाडी चुकवली, तीही स्वतःच्या हातानं.

आर्वी माझी नात. नीलेश आणि प्रणालीच्या लग्नाला सात वर्षं झाली तेव्हा झाली. त्या सात वर्षांत घरात काय काय झालं ते सांगत बसत नाही. ज्यांनी वाट पाहिली आहे त्यांना सांगावं लागत नाही. मी गावच्या देवीला नवस बोललो होतो. मूल झालं तर पहिल्याच शिमग्याला पालखी दारात येईल तेव्हा तिच्यासमोर आणून घालीन. कुणाला न विचारता बोललो होतो आणि मूल झाल्यावर सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

आर्वीला माझा आवाज आवडायचा. बाकीचे लोक बाळांशी बोबडं बोलतात, मला ते जमत नाही. मी तिला गाड्या पुकारून दाखवायचो. "चिपळूणमार्गे गुहागरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे!" की ही बया पाळण्यात दोन्ही पाय झाडायची. 'गुहागर' म्हटलं की हमखास हसायची. मी स्वयंपाकघरातून पुकारलं तरी बाहेरच्या खोलीत तिची मान वळायची. ती मान वळण्याची लकब मला अजून दिसते. आधी डोळे फिरायचे आणि मागून डोकं.

तिचं लसीकरणाचं कार्ड कॅलेंडरच्याच खिळ्याला दोऱ्यानं टांगलेलं असायचं. दीड महिन्याची, अडीच महिन्यांची, साडेतीन महिन्यांची, तिन्ही लसींना मीच घेऊन गेलो होतो. प्रणाली ठाण्याला एका शाळेच्या ऑफिसात कामाला जायची, त्यामुळे दिवसाची ड्युटी आजोबांची. मी म्हणायचो, तिन्ही गाड्या वेळेवर सोडल्या. साडेतीन महिन्यांच्या वेळी मात्र तिला सडकून ताप आला होता. मांडी टणक झाली होती, दोन दिवस पोर कुणाच्याच हातात राहिली नाही. तेव्हापासून सुई म्हटलं की मला धास्ती वाटायची. ती धास्तीच पुढे मला नडली.

नऊ महिन्यांची लस नेमकी शिमग्याच्या तोंडावर आली. आम्ही शनिवारी निघणार आणि लसीकरण बुधवारी, आमच्याच गल्लीतल्या गणपती मंडळाच्या खोलीत. त्या दिवशी प्रणाली रजा काढून घरी होती. आर्वीला नवा फ्रॉक घालून, कार्ड पिशवीत टाकून तयार होती. मी म्हटलं, राहू दे. ताप आला तर? तापलेलं पोर घेऊन सात-आठ तासांचा प्रवास करायचा आणि फणफणलेलं पालखीसमोर न्यायचं? नवसाचं मूल आहे.

"बाबा, ताप एक-दोन दिवसच असतो. औषधाचे थेंब घेते मी बरोबर," प्रणाली म्हणाली.

"शिमग्यानंतर बघू," मी म्हटलं.

नीलेश मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "बाबा म्हणतायत तर राहू दे ना. आठ-पंधरा दिवसांनी काय होतंय?"

बारा वाजता पाटील सिस्टर स्वतः दारात आल्या. सिस्टर इथल्याच गावातल्या, पिढ्यान् पिढ्यांच्या आगरी. यादीत आर्वीचं नाव होतं आणि आम्ही आलो नव्हतो, म्हणून चार जिने चढून आल्या होत्या. त्यांनी दारातूनच विचारलं, "काय ओ काका, पोरीला नाय आनली ती?" मी त्यांना पालखीचं सांगितलं. त्या चौकटीला हात टेकून दम खात म्हणाल्या, "पालखी दरवर्षी येते ओ काका. नववा महिना परत येनार हाय काय? ताप येल नि उद्या जाल. पन गोवर आला ना, तो असा हसत नाय जात."

मी हसलो. "आम्हाला सगळ्यांना आलाय गोवर लहानपणी," मी म्हटलं, "मेलो का?" त्यांना पाणी दिलं, तेवढं सौजन्य होतं माझ्याकडे. त्या पाणी पिऊन खाली उतरल्या. प्रणालीनं आर्वीचा नवा फ्रॉक काढून घडी करून कपाटात ठेवला.

आता गंमत ऐका. त्याच्या तीन वर्षं आधी नीलेशला कंपनीनं केनियाला पाठवलं होतं. पिवळ्या तापाची लस घेतल्याशिवाय जाता येणार नाही आणि ती निदान दहा दिवस आधी घ्यायची, हे कळल्यावर कॅलेंडरवर उलटे दिवस मोजून तारखेला लाल गोल करणारा मीच होतो. करोनाची लस आली तेव्हा कोपरीच्या केंद्राबाहेर सकाळी सहापासून रांगेत पहिला नंबर लावून बसलो होतो आणि दंडावरच्या कापसासकट फोटो काढून घेतला होता. म्हणजे लसीचं मला वावडं नव्हतं. फक्त आफ्रिकेत रोग असतात आणि गावाला हवापाणी, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. स्वतःच्या गावाला जायला लस कोण घेतो?

पालखीचा दिवस दृष्ट लागण्यासारखा होता. अंगण सारवलेलं, आंब्याला उशिरानं आलेला मोहोर, त्याचा तो घशात उतरणारा वास. ढोल वळणावर वाजायला लागले की ही आरतीचं ताट घेऊन दारात. पालखी अंगणात टेकली. मी आर्वीला सतरंजीवर तिच्यासमोर ठेवलं. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "बा देवी माये, ह्या लेकरानं तुझा नवस फेडलान हाय, पोरीला सुखी ठेव, काय चुकलं माकलं असंल तां पोटात घे." आणि सगळे एका आवाजात "व्हय म्हाराजा!" त्या आरोळीनं आर्वी दचकली आणि मग खुदकन हसली. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. नंतर ती किती हातांतून फिरली याची मोजदादच नाही. मुंबईचे, पुण्याचे, सुरतेचे सगळे चाकरमानी आलेले. जो तो तिला उचलायचा, मुका घ्यायचा, पुढच्याला द्यायचा. त्यातलं कोण खोकत होतं, कुणाच्या घरात आजारी मूल होतं, ते देवीला ठाऊक. मी सगळ्यांना सांगत होतो, घ्या घ्या, लाजू नका, सगळ्यांची आहे ती.

परत आलो आणि आठवड्याभरात तिला ताप चढला. नाक गळायला लागलं, डोळे लाल झाले, उजेडाकडे बघेना. मग कानामागून पुरळ आलं, कपाळावर, गालांवर, पोटावर. हिनं दाराला कडुनिंबाचा डहाळा लावला, फोडणी बंद केली. गावाला फोन केला तर चुलत वहिनी म्हणाल्या, गोवर आहे, पुरता फुटू दे, औषध दिलंत तर आत दबेल. प्रणाली म्हणाली, "डॉक्टरकडे नेऊया." मी म्हटलं, तीन दिवस बघू. पुन्हा बघू. माणूस एका चुकीवर थांबत नाही, त्या चुकीला सोबत म्हणून दुसरी आणून बसवतो.

चौथ्या दिवशी सकाळी तिच्या बरगड्यांच्या मधली कातडी श्वासागणिक आत जायला लागली. रडायचीही ताकद नव्हती. नीलेश कामावर गेलेला. प्रणालीनं तिला उचललं आणि जिना उतरायला लागली. मी मागे धावलो. रिक्षा मिळाली. आम्ही दिवा पश्चिमेला. ठाण्याच्या रस्त्याला लागायचं तर आधी रेल्वेचं फाटक ओलांडायचं. फाटक बंद होतं.

दिव्याचं फाटक ज्यानं पाहिलंय त्यालाच ते कळेल. एक गाडी जाते, वाटतं आता उघडेल, तेवढ्यात दुसरीकडून दुसरी येते. पुढे टेम्पो, मागे पाण्याचा टँकर, दोन्ही बाजूंना मोटारसायकली. रिक्षाच्या पत्र्यातून ऊन भाजत होतं. आर्वीचे ओठ निळसर दिसायला लागले होते. मी उतरलो आणि फाटकापाशी जाऊन ओरडायला लागलो. "अरे उघडा रे, पोर आहे आत, पोर आहे!" सगळा डेपो हलवणारा माझा आवाज, पण फाटकवाला काय करणार? त्याच्या हातात काय होतं? गाड्यांच्या वेळा ठरलेल्या असतात. माझ्याशेजारी मोटारसायकलवर बसलेला एक पोरगा हळूच म्हणाला, "काका, ओरडून कायपण होनार नाय." खरं होतं. मी तिथे दांड्याला धरून उभा राहिलो आणि रडलो. आयुष्यभर लोकांना ऐकवलेलं वाक्य त्या दिवशी मला कुणी ऐकवायची गरजच नव्हती.

हॉस्पिटलात जो तो एकच प्रश्न विचारायचा. केसपेपर काढणारा, वॉर्डातली नर्स, तरुण डॉक्टरीणबाई, मग मोठे डॉक्टर, इतकंच काय शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आईसुद्धा. "नऊ महिन्यांचा डोस झालाय का?" दर वेळी प्रणाली म्हणायची, "नाही." का नाही झाला ते कुणी विचारलं की म्हणायची, "राहिला." माझ्याकडे एकदाही बघायची नाही. माझ्या सासऱ्यांनी नको म्हटलं, एवढं तिनं म्हणायला हवं होतं. मी वाट बघायचो की म्हणेल. तिच्या त्या 'राहिला'नं मला जेवढं फटकावलं तेवढं आयुष्यात कुणी फटकावलं नाही.

गोवर छातीत उतरला होता. आत एकालाच थांबता यायचं, म्हणून मी दिवसभर खाली आवारात बसून राहायचो. तिथे एक पिंपळ होता, नवी तांबूस पालवी फुटलेली. त्या झाडाखाली बसून मी काय काय कबूल केलं! माझे डोळे ने, पाय ने, उरलेली वर्षं ने. देवीला म्हटलं, चुकलं, पोटात घे. आणि 'व्हय म्हाराजा' म्हणायला शेजारी कुणीच नव्हतं. मला देवीचा राग आला. मग कळलं, तिनं तर पाटील सिस्टरना चार जिने चढवून माझ्या दारात पाठवलं होतं. मीच पाणी पाजून परत धाडलं.

बाराव्या दिवशी पोर घरी आली. जगली. पेढे वाटले, दृष्ट काढली, दाराचा वाळलेला डहाळा उतरवला. मी तिला मांडीवर घेऊन पुकारलं, "चिपळूणमार्गे गुहागरकडे..." ती माझ्या तोंडाकडे बघून हसली. माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी ती पाठमोरी बसून डबे वाजवत होती. मी मागून पुकारलं. मान वळली नाही. मी पुढे जाऊन बसलो, तर हसली. पुन्हा मागे गेलो. पुन्हा पुकारलं. नाही.

मी कुणाला सांगितलं नाही. तीन आठवडे. घरात कुणी नसलं की तिच्या मागे स्टीलची ताटली टाकायचो आणि दगडासारखा तिच्याकडे बघत बसायचो. कधी वाटायचं, हलली. कधी वाटायचं, जमिनीचा हादरा लागला असेल. थकली आहे, अशक्त आहे, येईल, परत येईल. शेवटी एका रविवारी दुपारी मी प्रणालीसमोर बसलो आणि म्हटलं, मला काही सांगायचंय. ती कपडे घडी करत होती. म्हणाली, "माहितीये मला, बाबा. मी रोज तिच्या मागे टाळ्या वाजवते." मग ती रडली. मीही. एकाच घरात, एकाच पोरीच्या पाठीमागे, दोघं चोरून उभे राहत होतो आणि एकमेकांना कळू देत नव्हतो. त्या दिवशीही तिनं मला दोष दिला नाही. भांडली असती, चार शब्द तोंडावर मारले असते तर मी सुटलो असतो.

डॉक्टरांनी सांगितलं, गोवर कानाच्या आतपर्यंत पोचला. आता दोन्ही कानांना यंत्रं आहेत. त्यांतून तिला काहीतरी गुणगुण पोचते म्हणतात, शब्द फारसे पोचत नाहीत. ठाण्याला एक बाई तिला शिकवतात. त्या मला म्हणाल्या, आजोबा, ओरडू नका, समोर बसून बोला. पावणेचार वर्षांची आहे. माझ्या ओठांवरून 'गुहागर' ओळखते आणि अजून हसते. ते हसू मला बघवत नाही आणि बघितल्याशिवाय दिवस जात नाही.

पाटील सिस्टरांची माफी मागायला गेलो होतो. त्यांनी ऐकून घेतलं, तोंडाला पदर लावला आणि म्हणाल्या, "मीच जरा जोरानं बोलाया पायजे होती ती, काका." मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "माझा आवाज नाय पोचत वरच्या मजल्यांवं. तुमचा मोठा हाय. येशाल काय माझ्यासंगती?"

तेव्हापासून बुधवारी मी त्यांच्याबरोबर फिरतो. गल्लीच्या तोंडाशी उभा राहून पुकारतो, "प्रवाशांनी" म्हणायची सवय आवरून, "मातांनी कृपया लक्ष द्यावे, दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने!" पोरं हसतात. बायका खिडकीत येतात. बैल गेला नि झोपा केला, असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. दुसऱ्यांच्या गोठ्यात बैल आहेत अजून.

परवा आर्वीही बरोबर होती. घामानं यंत्रं बिघडतात म्हणून काढून घरी ठेवलेली. ती खाली बसून कडुनिंबाची पडलेली पानं गोळा करत होती. पहिल्या मजल्यावर एक तरुण सून बाळाला कडेवर घेऊन गॅलरीत आली. गुटगुटीत, जावळ वाढलेलं बाळ. मी विचारलं, "कितवा?"

"नववा, काका. झाला परवा पूर्ण."

"मग आणा की खाली."

"अहो, शनिवारी गावाला चाललोय ना, पालखीला. ताप बीप आला तर? शिमग्यानंतर बघू."

हे शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची माझी ती पहिली वेळ. मला खूप बोलायचं होतं. आयुष्यभर मी बोलूनच पोट भरलं, पण पाटील सिस्टरही माझ्याशी बोलल्याच होत्या. मग मी काय केलं, ते करायला हवं होतं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी आर्वीच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि छातीत होता नव्हता तेवढा आवाज काढून हाक मारली, "आर्वी!"

टाकीवरचे कावळे उडाले. समोरच्या तीन खिडक्या उघडल्या. गॅलरीतलं ते बाळ दचकून रडायला लागलं. आर्वी पानं वेचत राहिली. एक पान उलटं करून बघितलं, आवडलं नाही, टाकलं.

त्या सुनेनं आर्वीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि बाळाचं डोकं स्वतःच्या खांद्यावर दाबून धरलं. मग वरूनच विचारलं, "काका, सिस्टर किती वाजेपर्यंत आहेत?"

मी म्हटलं, "तुम्ही खाली येईपर्यंत."